मौन कोणाच्या रक्षणासाठी?



खोटे बोलू नये, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गातच शिकलो. आठवी आज्ञा आपल्याला तोंडपाठ आहे. परंतु रोजच्या जीवनात खोटे बोलण्यापेक्षा गप्प राहण्याचे प्रसंग कितीतरी अधिक येतात, आणि त्यांचा हिशेब आपण सहसा ठेवत नाही. खोटे बोलले की मन खाते. गप्प राहिले की आपण काहीच केले नाही असे वाटते. "आम्ही कुठे खोटे बोललो? आम्ही फक्त सांगितले नाही," असे म्हणून आपण मोकळे होतो.

हे 'फक्त सांगितले नाही' कधी सद्गुण असते आणि कधी पाप? प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आज एका परिचारिकेच्या जीवनाच्या आधारे आपण त्यावर विचार करू या. तिचे नाव व्हिव्हियन बुलविंकेल. आपल्याकडे हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही, पण ऑस्ट्रेलियात ते आदराने घेतले जाते. तिच्या वाट्याला दोन मौने आली. एक तिने स्वतः स्वीकारले. दुसरे, असे आता सांगितले जाते, तिच्यावर लादले गेले. दोन्ही मौने वरवर सारखीच दिसतात; पण त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

व्हिव्हियन यांचा जन्म १८ डिसेंबर १९१५ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील कपुंडा या गावी झाला. ब्रोकन हिल या खाणींच्या शहरातील रुग्णालयात त्यांनी परिचारिकेचे आणि नंतर सुईणीचे शिक्षण घेतले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांना हवाई दलात जायचे होते, पण तळपाय सपाट असल्याच्या कारणावरून नकार मिळाला. मग त्या लष्कराच्या परिचारिका दलात दाखल झाल्या आणि सप्टेंबर १९४१ मध्ये सिंगापूरला पोहोचल्या. तीनच महिन्यांनी जपानी सैन्य मलायात उतरले. लष्करी रुग्णालये मागे हटत हटत सिंगापूर बेटावर आली, आणि तेथेही टिकाव लागेना.

१२ फेब्रुवारी १९४२ रोजी ६५ ऑस्ट्रेलियन परिचारिकांना 'वायनर ब्रूक' नावाच्या जहाजावर चढवण्यात आले. जहाजावर स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांची गर्दी होती. १४ तारखेला बांका बेटाजवळ, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, जपानी विमानांनी बॉम्ब टाकून ते बुडवले. १२ परिचारिका समुद्रातच गेल्या. २२ जणी निरनिराळ्या मार्गांनी राडजी नावाच्या किनाऱ्यावर पोहोचल्या. व्हिव्हियन त्यांच्यात होत्या. तेथे इतर प्रवासी आणि जखमी सैनिकही जमले होते. अन्न नव्हते, औषधे नव्हती. शेवटी जपान्यांना शरण जायचे ठरले आणि एकजण तसा निरोप घेऊन मुंतोक गावाकडे गेला. मेट्रन आयरीन ड्रमंड यांच्या सूचनेवरून स्त्रिया आणि मुले पुढे निघाली. परिचारिका मात्र जखमींपाशी थांबल्या. रुग्णाला सोडून जायचे नाही, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

१६ फेब्रुवारीला जपानी सैनिक आले. त्यांनी आधी पुरुषांना किनाऱ्याच्या वळणापलीकडे नेऊन ठार केले. मग २२ परिचारिकांना आणि एका वृद्ध स्त्रीला समुद्राकडे तोंड करून पाण्यात चालत जायला सांगितले, आणि पाठीमागून मशीनगन चालवली. त्यांच्या दंडावर रेडक्रॉसची फीत होती. २१ परिचारिका मृत्यू पावल्या. व्हिव्हियन यांच्या कमरेच्या वर गोळी लागून आरपार गेली. त्या पाण्यावर निपचित पडून राहिल्या आणि लाटांनी त्यांना किनाऱ्याला लावले. सैनिक निघून गेले होते.

त्या झाडीत शिरल्या. तेथे त्यांना किन्स्ली नावाचा एक ब्रिटिश सैनिक आढळला. तोही हत्याकांडातून वाचला होता, पण त्याच्या जखमा फार गंभीर होत्या. स्वतःच्या शरीरातून गोळी गेलेली असताना व्हिव्हियन यांनी बारा दिवस त्याची शुश्रूषा केली. जवळच्या वस्तीतील पुरुषांनी भीतीने मदत नाकारली, पण बायकांनी गुपचूप अन्न दिले. शेवटी दुसरा मार्ग उरला नाही तेव्हा दोघांनी शरण जायचे ठरवले. किन्स्लीने एक दिवस थांबण्याची विनंती केली. त्याचा वाढदिवस होता. तेवढा दिवस स्वतंत्र माणूस म्हणून काढावा, एवढीच त्याची इच्छा होती. व्हिव्हियन थांबल्या. पुढे काही दिवसांतच कैदेत तो मरण पावला.

शरण जाताना व्हिव्हियन यांनी एक गोष्ट केली. गणवेशावर गोळीचे छिद्र होते. ते दिसू नये म्हणून त्यांनी पाण्याची बाटली खांद्याला लावून बरोबर त्या जागेवर धरली. कैदी-छावणीत त्यांना जहाजावरच्या इतर परिचारिका जिवंत भेटल्या. त्यांना त्यांनी सर्व हकीकत सांगितली, आणि तेथेच सगळ्यांनी मिळून ठरवले: ही गोष्ट पुन्हा उच्चारायची नाही. या हत्याकांडाला साक्षीदार उरली आहे हे जपान्यांना कळले असते, तर व्हिव्हियन यांचाच नव्हे, तर ऐकणाऱ्या सगळ्यांचाच जीव गेला असता. साडेतीन वर्षे हे मौन पाळले गेले. व्हिव्हियन धरून ३२ परिचारिका कैदेत होत्या. भुकेने आणि रोगांनी त्यांतील आठ जणी दगावल्या. २४ घरी परतल्या. एकीनेही तोंड उघडले नव्हते.

आता आपण आपल्या प्रश्नाकडे येऊ. पाण्याच्या बाटलीने छिद्र झाकणे ही फसवणूक नव्हे काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्ही अशा प्रश्नांवर तासन्‌तास वाद घालीत असू. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९७ साली लिहिलेल्या एका निबंधात असे ठामपणे मांडले आहे की, खुनी दारात येऊन आपल्या मित्राचा ठावठिकाणा विचारू लागला तरी त्याच्याशीसुद्धा खोटे बोलणे योग्य नाही. वर्गात हे ऐकून बहुतेकांना धक्का बसे. पण आपल्या परंपरेतील संत ऑगस्टीनही याबाबतीत फार कडक आहेत. खोटे बोलणे कोणत्याही हेतूने केले तरी दोषच, असे ते म्हणतात. निर्गमाच्या ग्रंथात दोन इब्री सुइणींची कथा आहे. फारोने नवजात मुलगे मारण्याची आज्ञा केली. त्यांनी ती मोडली आणि फारोपुढे भलतेच कारण सांगितले. परमेश्वराने त्यांचे भले केले. मग देवाने खोट्याला बक्षीस दिले काय? ऑगस्टीन आणि त्यांच्या मागून संत थॉमस अक्वायनस उत्तर देतात: बक्षीस मिळाले ते दयेला आणि देवाच्या भयाला, खोट्याला नव्हे.

परंतु हेच दोघे संत एक महत्त्वाचा भेद करतात. खोटे बोलणे वेगळे आणि सत्य झाकून ठेवणे वेगळे. संत थॉमस म्हणतात की शहाणपणाने सत्य राखून ठेवण्यास हरकत नाही. ख्रिस्तसभेची शिकवणही हेच सांगते: सत्य जाणून घेण्याचा अधिकार अमर्याद नाही, आणि ज्याला तो अधिकार नाही त्याच्यापुढे सत्य उघड करण्याचे बंधन कोणावरही नाही. ज्या हातांनी २१ निरपराध स्त्रियांना मारले, त्या हातांत बाविसावीचे नाव देण्याचे कोणते कर्तव्य व्हिव्हियन यांच्यावर होते? काहीच नाही. उलट, तेथे 'खरे' बोलणे म्हणजे सत्याची सेवा नव्हे, तर खुनाला मदत ठरली असती.

तरीही हे मौन फुकटचे नव्हते, हे विसरून चालणार नाही. त्या साडेतीन वर्षांत ऑस्ट्रेलियात २१ घरांत आई-वडील मुलीच्या पत्राची वाट पाहत होते. ती परत येणार नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक होते त्या सांगू शकत नव्हत्या. चांगल्या मौनाचीही कोणाला तरी किंमत मोजावी लागते. म्हणूनच चांगल्या मौनाला मुदत असते. सप्टेंबर १९४५ मध्ये सुटका झाली आणि व्हिव्हियन यांनी सांगायला सुरुवात केली. डिसेंबर १९४६ मध्ये टोकियो येथील युद्धगुन्हेगारी न्यायाधिकरणापुढे उभे राहून त्यांनी साक्ष दिली. जे मौन जीव वाचवण्यासाठी होते, ते जिवाचा धोका संपताच संपले. एकवीस जणींच्या वतीने बोलणारी एकच व्यक्ती जिवंत होती, आणि ती बोलली.

पण ती सगळे बोलू शकली होती का?

येथे दुसऱ्या मौनाची गोष्ट सुरू होते. २०१९ साली ऑस्ट्रेलियन इतिहासलेखिका लिनेट सिल्व्हर यांनी आपल्या संशोधनातून असे मांडले की, राडजी किनाऱ्यावर परिचारिकांना ठार करण्यापूर्वी त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाले होते; व्हिव्हियन यांना हे सांगायचे होते, पण ते साक्षीत येऊ नये असे त्यांना वरिष्ठांनी बजावले होते. त्याआधी एका महिला पत्रकारानेही लिहिले होते की, उतारवयात व्हिव्हियन यांनी तिच्यापाशी मन मोकळे केले आणि हे गुपित आयुष्यभर आपल्याला छळत राहिले असे सांगितले. व्हिव्हियन यांचे निधन ३ जुलै २००० रोजी झाले. म्हणजे हे खरे असेल, तर पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी हा भार एकट्याने वाहिला.

ज्यांनी गप्प राहायला सांगितले, त्यांना आपण सरसकट दुष्ट ठरवू नये. मृत मुलींच्या आई-वडिलांना आणखी दुःख नको, त्यांच्या नावाला बट्टा नको, असा त्यांचा विचार असू शकतो. हा विचार आपल्याला परका नाही. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' असे आपणही म्हणतो. पण थोडे थांबून विचारू या: मूठ झाकल्याने सव्वा लाख वाचले कोणाचे? मेलेल्या मुलींचे काहीच वाचले नाही, कारण त्यांचे काही गेलेच नव्हते. वाचली ती अपराध करणाऱ्यांची लाज.

संत ऑगस्टीन यांनी 'देवनगरी' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात याच प्रश्नाला हात घातला आहे. ४१० साली रोम शहर लुटले गेले तेव्हा अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर अत्याचार झाले. लोक कुजबुजू लागले की त्या भ्रष्ट झाल्या. ऑगस्टीन यांनी निक्षून सांगितले की शुचिता ही मनाच्या संमतीत असते. ज्या कृत्याला संमती नाही, त्याने ती जात नाही. पाप करणाऱ्याचे असते, सोसणाऱ्याचे नसते. सोळाशे वर्षांपूर्वी हे लिहून ठेवलेले असताना विसाव्या शतकात, आणि एकविसाव्यातही, आपण अब्रूचा भार चुकीच्या खांद्यावर टाकतो.

तर मग दोन मौनांत फरक कोणता? पहिले मौन त्या स्त्रियांनी एकत्र बसून स्वतः निवडले. दुसरे वरून आले. पहिल्याला मुदत होती, दुसऱ्याला नव्हती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पहिल्या मौनाने दुर्बळांचे रक्षण झाले. त्यांच्या अंगावर शस्त्र नव्हते, तेव्हा ते गुपित हेच त्यांचे कवच होते. दुसऱ्या मौनाने दुर्बळाला एकटे पाडले. मौन चांगले की वाईट हे त्याच्या रूपावरून कळत नाही. त्याच्या सावलीत कोण उभे आहे हे पाहिले की कळते.

व्हिव्हियन यांचे पुढील आयुष्यही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९४७ साली त्यांना रॉयल रेडक्रॉस हा सन्मान आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदक मिळाले. त्याच सुमारास कैदेतली सोबतीण बेटी जेफ्री हिच्याबरोबर त्या व्हिक्टोरिया राज्यभर फिरल्या. उद्देश होता गेलेल्या परिचारिकांच्या स्मारकासाठी निधी गोळा करण्याचा. पण हे स्मारक म्हणजे नुसता दगडी स्तंभ नव्हता. १९५० साली मेलबर्नमध्ये परिचारिकांच्या उपयोगासाठी केंद्र उभे राहिले. मेलेल्यांची आठवण जिवंतांच्या कामी यावी, ही कल्पना फार सुंदर आहे.

१९६१ पासून १९७७ पर्यंत त्या मेलबर्नच्या फेअरफिल्ड या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात परिचारिकांच्या प्रमुख होत्या. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी त्या ऑस्ट्रेलियाच्या परिचारिका महाविद्यालय संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. नर्सिंगचे शिक्षण केवळ वॉर्डात राबून न घेता महाविद्यालयात अभ्यास करून घ्यावे, या बदलाचा तो काळ होता. १९७५ मध्ये व्हिएतनाममधील अनाथ बालकांना ऑस्ट्रेलियात आणण्याच्या कामातही त्यांनी भाग घेतला.

परिचारिकेचे शिक्षण म्हणजे नुसते इंजेक्शन देणे आणि ताप पाहणे नव्हे. आपल्या धर्मग्रामातील ज्या भगिनी या सेवेत आहेत, त्या हे आमच्यापेक्षा अधिक जाणतात. रुग्णाचे गुपित बाहेर सांगायचे नाही, हा तेथला पहिला धडा. आणि औषध चुकले, मात्रा चुकली, तर ते लपवायचे नाही, ताबडतोब सांगायचे आणि लिहून ठेवायचे, हा दुसरा. एकाच व्यक्तीने एकाच दिवशी, एकाच खाटेपाशी हे दोन्ही पाळायचे असते. दोन्ही धडे परस्परविरोधी वाटतात, पण त्यांचे मूळ एकच आहे: खाटेवर पडलेल्या माणसाचे हित. त्याच्यासाठी गप्प राहायचे आणि त्याच्यासाठीच बोलायचे.

आता आपल्या घरांकडे वळू. आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरी जातो तेव्हा पुष्कळदा दारातच कोणी हळूच सांगते, "फादर, बाबांना काही माहीत नाही हं. त्यांच्यापुढे बोलू नका." त्यामागे प्रेम असते, यात शंका नाही. पण आतल्या खोलीत बाबा एकटे असतात. पुष्कळदा त्यांना सगळे उमगलेले असते, आणि मुलांना वाईट वाटू नये म्हणून तेही गप्प असतात. घरातले सगळे एकमेकांना सांभाळत गप्प राहतात, आणि निरोप घ्यायचा राहून जातो. आजारी माणसाने स्वतः "मला सांगू नका" असे म्हटले असेल तर त्याचा मान राखावा. पण त्याला न विचारता आपणच ठरवले असेल, तर ते मौन कोणाला सोपे जाते आहे, त्याला की आपल्याला, हे विचारायला हवे.

याहून कठीण प्रसंगही आहेत. सासरी मारहाण सोसणाऱ्या मुलीला "घरातली गोष्ट घरात" असे सांगितले जाते. एखादे मूल कोणा नातेवाइकाविषयी काही सांगू पाहते आणि त्याला दटावून गप्प केले जाते. त्यांना गप्प करून आपण घराण्याचे नाव वाचवतो, आणि ज्याच्याकडून ते दुखावले गेले त्याला निर्धास्त करतो. हा धडा ख्रिस्तसभेलाही फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला आहे. नाव राखण्यासाठी पाळलेल्या मौनात मुले भरडली गेली. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या धर्मगुरूंवर आणि व्रतस्थांवर अशा अत्याचारांची माहिती ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांना देण्याचे बंधन घातले. तेथे 'तेरी भी चुप, मेरी भी चुप' चालणार नाही.

मग कोणी विचारील, प्रायश्चित्त संस्काराच्या गुप्ततेचे काय? ती अबाधितच आहे. पापनिवेदन करणारा माणूस देवापुढे उघडा होतो, त्या क्षणी त्याच्याइतका असहाय कोणी नसतो. ती गुप्तता त्याच्यासाठी आहे, धर्मगुरूच्या सोयीसाठी नाही. मात्र त्याच जागी धर्मगुरूचे एक कर्तव्यही असते. तो पीडिताला तेथून बाहेर पडून मदत मागण्याचे धैर्य देऊ शकतो, आणि अपराध्याला सांगू शकतो की पश्चात्ताप खरा असेल तर त्याने स्वतः जाऊन आपला अपराध कबूल करावा.

उपदेशकाच्या ग्रंथात मौनाची आणि बोलण्याची अशा दोन वेळा सांगितल्या आहेत. कोणती वेळ कोणती, हे मात्र तेथे सांगितलेले नाही. ते आपल्यावर सोडलेले आहे. म्हणून पुढच्या वेळी "गप्प बसलेले बरे" असे वाटेल तेव्हा क्षणभर थांबून तीन गोष्टी विचारू या. हे मौन ज्याच्याविषयी आहे, त्याने ते स्वतः निवडले आहे का? ते कधी संपणार आहे का? आणि त्याच्या सावलीत कोण उभे आहे, सोसणारा की सोसायला लावणारा?

ऑगस्ट २०२३ मध्ये कॅनबेरा येथील युद्धस्मारकाच्या आवारात व्हिव्हियन बुलविंकेल यांचा पुतळा उभारण्यात आला. पुतळ्याच्या पायथ्याशी २२ चकत्या बसवल्या आहेत. १६ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री आकाशात जसे तारे होते, तशी त्यांची मांडणी आहे. त्याच स्मारकात त्यांचा तो गणवेशही जतन केलेला आहे, गोळीच्या छिद्रासकट. एकेकाळी जे छिद्र पाण्याच्या बाटलीने झाकून जीव वाचवावे लागले, ते आज कोणीही जवळ जाऊन पाहू शकतो.

झाकण्याची वेळ आली तर कोणासाठी झाकावे आणि दाखवण्याची वेळ आली तर कोणासाठी दाखवावे, हे ओळखण्याची बुद्धी प्रभू आपणा सर्वांना देवो. आपल्या धर्मग्रामात कोणी एकट्याने असा भार वाहत असेल, तर त्यांनी विश्वासाच्या माणसापाशी तो उतरवावा. आमचे दार उघडे आहे.

आपले धर्मगुरू